लॉर्ड बेकन आणि आदामाचे ज्ञान

शब्बाथशाळेतील मुलांना उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील एक प्रसंग फार आवडतो. एदेन बागेत परमेश्वर एकेक पशू व पक्षी आदामापुढे आणतो, आणि आदाम त्यांना नावे देतो. मुलांना त्यात गंमत वाटते. मोठ्यांच्या मनात मात्र वेगळा प्रश्न येतो. ज्याला आईबाप नव्हते, गुरू नव्हता, ज्याच्यापाशी एकही पुस्तक नव्हते, त्या पहिल्या माणसाची बुद्धी होती तरी कशी?

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीला नवा नाही. दुसऱ्या शतकात लियाँ शहराचा बिशप इरेनियस याने आदाम बालकासारखा होता असे शिकवले. देवाने त्याला वाढण्यासाठी निर्माण केले होते, आणि प्रौढपणाला तो अजून पोहोचायचा होता. पाश्चात्त्य मंडळीवर मात्र संत ऑगस्टीनच्या शिकवणीचा पगडा अधिक बसला. प्राणिमात्रांना नावे देणारा आदाम असामान्य बुद्धीचा होता, आणि आपल्यातील मोठमोठे पंडितही त्याच्यापुढे फार मागे पडतील, असे त्याचे मत होते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनेही उत्पत्तीवर व्याख्याने देताना असेच सांगितले, की पतनापूर्वी आदामाची बुद्धी, स्मृती आणि दृष्टी अत्यंत तल्लख होती.

मग साहजिकच विचारावेसे वाटते, की पापामुळे ते ज्ञान गेले असेल तर माणसाला ते परत मिळेल काय? आणि मिळाले तर त्याबरोबर एदेनही परत मिळेल काय? या प्रश्नाला ज्याने आपल्या बुद्धीची सारी शक्ती वाहिली, तो पाळक नव्हता. तो वकील होता, दरबारी होता, इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेतील सर्वांत उंच आसनावर तो बसला, आणि त्या आसनावरून तो खालीही पडला. त्याचे नाव फ्रान्सिस बेकन.

आईची शिकवण

फ्रान्सिसचा जन्म २२ जानेवारी १५६१ रोजी लंडनमध्ये यॉर्क हाउस येथे झाला. वडील सर निकोलस बेकन हे एलिझाबेथ राणीच्या राजमुद्रेचे रक्षक, म्हणजे राज्यातील एक मोठे अधिकारी होते. आई अ‍ॅन ही त्या काळातील नामांकित विदुषी होती. ग्रीक, लॅटिन व इटालियन या भाषा तिला उत्तम येत. बिशप ज्युएल यांनी इंग्लंडच्या मंडळीच्या समर्थनार्थ लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथाचे तिने इंग्रजी भाषांतर केले, आणि ते १५६४ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मसुधारणेच्या मतांविषयी ती अतिशय कडक होती. मुले मोठी होऊन घराबाहेर पडली तरी त्यांची प्रार्थना, त्यांची संगत, त्यांचे जेवण, त्यांचे नोकरचाकर यांविषयी तिची सूचनावजा पत्रे येतच राहत. अशा घरात फ्रान्सिस आणि त्याचा थोरला भाऊ अँथनी यांना पवित्र शास्त्राचे बाळकडू मिळाले. पुढे बेकनच्या प्रत्येक पुस्तकात पानोपानी शास्त्रातील दाखले दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

बाराव्या वर्षी तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. तेथे अ‍ॅरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचा फार मान होता. बेकनच्या मनाला मात्र ते शिक्षण पटेना. वादविवादात प्रतिपक्षाला गप्प बसवायला ही विद्या उपयोगी पडते, परंतु माणसाच्या हलाखीच्या जीवनात तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही, असे त्याला वाटू लागले. मुलाच्या मनातील ही नाराजी पुढे त्याच्या जन्माचे कार्य ठरली.

दरबाराची वाट

पंधराव्या वर्षी तो इंग्लंडच्या वकिलाबरोबर फ्रान्सला गेला. १५७९ मध्ये वडील अकस्मात वारले. धाकट्या मुलाच्या वाट्याला फारच थोडे आले, आणि पैशाची अडचण त्याच्या मागे लागली ती जन्मभर. तो कायदा शिकला, १५८२ मध्ये बॅरिस्टर झाला. पार्लमेंटमध्ये तर तो १५८१ पासूनच होता. मावशीचे यजमान लॉर्ड बर्ली हे राणीचे मुख्य प्रधान होते. त्यांना लिहिलेल्या एका पत्रात या तरुणाने कळवले, की सर्व ज्ञान हेच आपण आपले क्षेत्र मानले आहे, आणि त्या कामासाठी निर्वाहाचे एखादे पद मिळावे.

पद काही मिळाले नाही. १५९३ मध्ये पार्लमेंटात त्याने राणीच्या कराच्या मागणीतील काही गोष्टींना विरोध केला आणि तिची मर्जी गमावली. या काळात एसेक्सचा अर्ल हा राणीचा आवडता सरदार त्याचा मित्र व आश्रयदाता झाला. त्याने बेकनसाठी खूप खटपट केली, आणि ती फुकट गेली तेव्हा स्वतःची जमीन त्याला बक्षीस दिली. पुढे १६०१ मध्ये याच एसेक्सने राणीविरुद्ध बंड केले. राजद्रोहाच्या खटल्यात त्याच्यावर आरोप शाबीत करण्यासाठी सरकारतर्फे जे वकील उभे राहिले त्यांत बेकन होता. एसेक्सचा शिरच्छेद झाला. राणीशी निष्ठा हे माझे पहिले कर्तव्य होते, असे बेकनने नंतर आपले समर्थन केले. कायद्याने ते चूक नव्हते. परंतु ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध इतक्या हिरिरीने बोलणारा मनुष्य लोकांच्या मनातून उतरला तो उतरलाच.

१६०३ मध्ये पहिला जेम्स गादीवर आला आणि बेकनचे दिवस पालटले. १६०७ मध्ये तो सॉलिसिटर जनरल, १६१३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल, १६१७ मध्ये राजमुद्रेचा रक्षक, आणि १६१८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाला. या चढत्या वाटेवरही डाग आहेत. एडमंड पीचम नावाच्या वृद्ध पाळकाला एका प्रवचनाच्या टिपणांवरून राजद्रोहाच्या संशयाने पकडण्यात आले. १६१५ मध्ये शारीरिक छळ करून त्याची जबानी घेतली गेली, तेव्हा तेथे हजर असलेल्या अधिकाऱ्यांत बेकन होता.

दोन प्रकारचे ज्ञान

परंतु कचेरी आणि दरबार यांतून वेळ काढून हा मनुष्य आपले खरे काम करीतच होता. १६०५ मध्ये त्याने विद्येच्या उन्नतीविषयी एक ग्रंथ राजाला अर्पण केला. त्या काळी पुष्कळ धार्मिक लोकांना विद्येची भीती वाटे. आदाम ज्ञानाच्या मोहाने पडला, म्हणून फार ज्ञान मिळवू पाहणे हेच पाप, अशी त्यांची समजूत होती. बेकनने त्यांना शास्त्रानेच उत्तर दिले.

तो म्हणतो, की एदेन बागेत दोन निरनिराळ्या ज्ञानांची गोष्ट आहे. सृष्टीतील प्राण्यांकडे नीट पाहून, त्यांचा स्वभाव ओळखून त्यांना नावे देणे हे एक ज्ञान. ते देवानेच आदामाला दिले. किंबहुना निष्पाप अवस्थेतील माणसाचे पहिले काम तेच होते, आणि त्यात गर्व नव्हता. दुसरे ज्ञान बऱ्यावाइटाचे. चांगले कोणते आणि वाईट कोणते हे देवाच्या आज्ञेवरून न ठरवता आपले आपण ठरवावे, स्वतःच स्वतःचा कायदा व्हावे, ही ती इच्छा होती. आदाम पडला तो या दुसऱ्या ज्ञानाच्या हव्यासाने. पहिल्या ज्ञानाचा त्यात काही दोष नव्हता.

हा भेद वरवर सोपा वाटतो. परंतु त्याने फार मोठे काम केले. झाडे, धातू, वारा, उष्णता यांचा अभ्यास करणाऱ्या श्रद्धावंताला आता भ्यायचे कारण उरले नाही. तो मना केलेले फळ तोडीत नव्हता. आदामाला नेमून दिलेले काम पुढे चालवीत होता. देवाने आपल्यापुढे दोन ग्रंथ ठेवले आहेत, असे बेकन मानी. एक पवित्र शास्त्र, ज्यात देवाची इच्छा कळते, आणि दुसरा सृष्टी, जिच्यात त्याचे सामर्थ्य दिसते. दोन्ही वाचावेत, मात्र एकाचा मजकूर दुसऱ्यात घुसडू नये. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातून किंवा ईयोबाच्या पुस्तकातून पदार्थविज्ञान काढू पाहणाऱ्यांना त्याने स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे. असे केल्याने विज्ञान खोटे होते आणि धर्मातही पाखंड शिरते, असे त्याचे म्हणणे होते.

मनातल्या मूर्ती

१६२० मध्ये त्याचा सर्वांत प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ, ‘नोव्हम ऑर्गॅनम’, बाहेर पडला. विद्येच्या महान पुनर्रचनेची जी योजना त्याने आखली होती, तिचा हा एक भाग होता. योजनेचे भाग सहा; देवाने सृष्टी केली तेही दिवस सहाच. हे साम्य त्याच्या मनात होते, आणि सहा दिवसांच्या कामानंतर येणाऱ्या विसाव्यासाठी त्याने प्रार्थनाही केली आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन खांबांमधून अथांग समुद्राकडे जाणारे गलबत दाखवले आहे, आणि त्याखाली दानीएलाच्या शेवटच्या अध्यायातील ज्ञानवृद्धीविषयीचे वचन आहे.

आदामाची दृष्टी आपल्याला का नाही, याचे उत्तर या ग्रंथात मिळते. माणसाचे मन वेड्यावाकड्या आरशासारखे आहे. वस्तूचे खरे रूप त्यात उमटत नाही. या दोषांना बेकनने मूर्ती असे नाव दिले, आणि त्यांचे चार वर्ग केले. सगळ्या मानवजातीत असलेल्या चुका हा पहिला वर्ग. आपल्या मताला अनुकूल तेवढेच लक्षात ठेवायचे आणि प्रतिकूल ते विसरायचे, ही त्यांतलीच एक. प्रत्येकाच्या स्वभावाची, शिक्षणाची व सवयीची जी स्वतंत्र गुहा असते, तिच्यातल्या चुका हा दुसरा. बाजारात शब्दांची जी उलाढाल चालते, तीमुळे पोकळ शब्दांना खरे मानण्याची चूक हा तिसरा. आणि रंगभूमीवरच्या नाटकासारख्या दिमाखदार मतप्रणालींना भुलणे हा चौथा. या मूर्ती काढून टाकल्याशिवाय सत्य दिसणार नाही. स्वर्गाच्या राज्यात बालकासारखे होऊनच जाता येते. ज्ञानाच्या राज्याचेही दार तसेच आहे, असे त्याने लिहिले.

मग काम कसे करावे? उष्णतेचे उदाहरण घेऊन त्याने ते दाखवले. जेथे जेथे उष्णता आढळते त्या गोष्टींची एक यादी केली. त्यांत सूर्याचे किरण, ज्वाला, उन्हाळी झरे, ओल्या गवताची गंजी हे सर्व आले. दुसऱ्या यादीत त्यांच्याशी साम्य असूनही ज्यांत उष्णता नाही अशा गोष्टी घातल्या, जसे चांदणे. तिसऱ्या यादीत उष्णता कमीअधिक होते अशी उदाहरणे दिली. तिन्ही याद्या ताडून त्याने अनुमान काढले, की उष्णता ही पदार्थाच्या सूक्ष्म कणांची एक प्रकारची गती आहे. एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञान बरेचसे याच निष्कर्षाला येऊन पोहोचले.

मुंगी नुसता साठा करते आणि कोळी स्वतःच्या पोटातून जाळे काढतो. खरा अभ्यासक मधमाशीसारखा असतो, ती फुलांतून रस गोळा करून आपल्या शक्तीने त्याचा मध करते. हा दृष्टांतही याच ग्रंथातला. बेकनच्या हातून चुका झाल्याच नाहीत असे नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत त्याने नाकारले, आणि विज्ञानात गणिताचे महत्त्व किती आहे हेही त्याला पुरेसे उमगले नाही. परंतु एकट्या प्रतिभावंताची वाट न पाहता पुष्कळांनी मिळून, पिढ्यान्‌पिढ्या, धीराने निरीक्षण करावे, ही जी वाट त्याने दाखवली तिच्यावरून जग पुढे गेले.

ग्रंथाच्या अगदी शेवटी तो आदामाकडे परत येतो. पतनामुळे माणसाने दोन गोष्टी गमावल्या, असे तो सांगतो. एक निष्पापता आणि दुसरी सृष्टीवरील सत्ता. या दोन्ही हानी या जन्मातही काही अंशी भरून येऊ शकतात. पहिली धर्माने व विश्वासाने भरून येते, दुसरी कला व विज्ञान यांनी. आदामाला जे सहज दिसले ते त्याच्या लेकरांना घाम गाळून शोधावे लागेल. भाकरीप्रमाणेच ज्ञानही आता कष्टाचे आहे.

वाचकहो, हे दोन हिशेब ध्यानात ठेवा. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यात ते लवकरच समोरासमोर उभे राहणार होते.

पतन

२२ जानेवारी १६२१ रोजी बेकनला साठ वर्षे पूर्ण झाली. ज्या यॉर्क हाउसमध्ये तो जन्मला, तेथेच मोठी मेजवानी झाली आणि बेन जॉन्सन या प्रसिद्ध कवीने त्याच्यावर कविता केली. त्याच आठवड्यात राजाने त्याला व्हायकाउंट सेंट ऑल्बन ही पदवी दिली. ग्रंथ प्रसिद्ध होऊन चार महिनेही झाले नव्हते. यापेक्षा उंच जागा आता उरली नव्हती.

महिनाअखेरीस पार्लमेंट भरले. देशात मक्तेदाऱ्यांमुळे असंतोष होता, राजाच्या मर्जीतल्या माणसांवर लोकांचा राग होता, आणि बेकनचा जुना वैरी सर एडवर्ड कोक सभागृहात होता. चौकशी सुरू झाली, आणि मार्चमध्ये दोन पक्षकार पुढे आले. आपला खटला चॅन्सेलरांपुढे चालू असताना आपण त्यांना पैसे दिले, असे त्यांनी सांगितले. एकाने शंभर पौंड दिले होते, दुसऱ्याने चारशे. गमतीची गोष्ट अशी, की दोघांच्याही विरुद्ध निकाल लागला होता. आणखी तक्रारी येत गेल्या आणि आरोपांची संख्या अठ्ठावीस झाली.

न्यायाधीशांना भेटी देण्याची रीत त्या काळी सर्रास होती हे खरे. पैसे घेऊन आपण न्याय कधी विकला नाही, असे बेकनचे म्हणणे होते, आणि त्यातही तथ्य असावे. तरी खटला चालू असताना पक्षकाराकडून पैसे घेणे गैर, हे तो जाणत होता. न्यायासनावर बसणाऱ्याचे हात कसे स्वच्छ असावेत, यावर त्यानेच पूर्वी निबंध लिहिला होता. शेवटी त्याने आरोपांचे उत्तर लेखी दिले आणि आपण दोषी असल्याचे कबूल केले. उमराव सभेचे सभासद त्याच्याकडे गेले आणि कबुलीजबाबाखालची सही त्याचीच आहे काय, असे त्यांनी विचारले. त्याने ती नाकारली नाही, आणि दयेची याचना केली.

३ मे १६२१ रोजी शिक्षा झाली. चाळीस हजार पौंड दंड, राजाच्या मर्जीपर्यंत टॉवरमध्ये कैद, यापुढे कोणतेही सरकारी पद नाही आणि पार्लमेंटात प्रवेश नाही. राजाने थोड्याच दिवसांत त्याला टॉवरमधून सोडले आणि दंडाचीही सवलत दिली. परंतु गेलेली अब्रू राजाच्या हुकमाने परत येत नाही. वाढदिवसाच्या मेजवानीला चार महिनेही झाले नव्हते.

माणसाच्या मनातल्या मूर्ती ज्याने इतक्या बारकाईने मोजल्या, त्याला आपल्या स्वतःच्या गुहेतली मूर्ती वेळेवर दिसली नाही. ती म्हणजे मोठेपणाची हाव आणि उधळपट्टीचा थाट. नोकरांचा तांडा, शोभिवंत वाडे, आणि कर्जावर कर्ज. रूढीने जे चालते ते आपल्यालाही चालेल, असे त्याने आपले आपण ठरवले. बऱ्यावाइटाचा कायदा स्वतः ठरवणे म्हणजेच आदामाचे पाप, हे सोळा वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवले होते.

शेवटची पाच वर्षे

या पतनानंतर बेकनने लिहिलेली एक प्रार्थना उपलब्ध आहे. देवाने दिलेली दाने आपण नीट वापरली नाहीत, ज्या कामांना आपण सर्वांत कमी योग्य होतो त्यांतच आयुष्य घालवले, असे तो तीत परमेश्वरापुढे कबूल करतो. तेथे वकिली नाही, सबबी नाहीत. साध्या ख्रिस्ती माणसासारखा तो कृपेच्या आसनाजवळ उभा आहे.

उरलेल्या पाच वर्षांत त्याने पूर्वीच्या कितीतरी वर्षांपेक्षा अधिक लिहिले. सातव्या हेन्री राजाचा इतिहास १६२२ मध्ये, विद्येच्या ग्रंथाची लॅटिनमधील वाढवलेली आवृत्ती १६२३ मध्ये, आणि निबंधांची अखेरची आवृत्ती १६२५ मध्ये आली. १५९७ मध्ये दहा असलेले निबंध आता अठ्ठावन्न झाले होते. आजारपणात त्याने काही स्तोत्रांचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले आणि ते छोटे पुस्तक जॉर्ज हर्बर्ट या भक्तकवीला अर्पण केले. त्याच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये ‘न्यू अटलांटिस’ ही अपुरी कथा प्रसिद्ध झाली. तीत एका दूरच्या बेटावर शलमोनाच्या नावाने चालवलेले एक विद्यामंदिर आहे. तेथील विद्वान मिळून सृष्टीचा अभ्यास करतात, नवे शोध लावतात, आणि रोज देवाची स्तुती करून आपल्या श्रमांवर आशीर्वाद मागतात. त्या मंदिराचे दुसरे नाव सहा दिवसांच्या कार्याचे विद्यालय असे आहे.

१६२६ च्या वसंत ऋतूत थंडीने पदार्थ टिकतात काय, याचा तो प्रयोग करीत होता. कोंबडी विकत घेऊन तिच्यात त्याने बर्फ भरले आणि त्यातच त्याला थंडी बाधली, अशी गोष्ट जुन्या चरित्रकाराने सांगितली आहे. आजारी पडल्यामुळे हायगेट येथे अरंडेलच्या अर्लच्या घरी त्याला थांबावे लागले. तेथून लिहिलेल्या अखेरच्या पत्रातही प्रयोग उत्तम साधला, हे कळवायला तो विसरला नाही. ९ एप्रिल १६२६ रोजी पहाटे त्याने देह ठेवला. तो दिवस आपल्या प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा होता. त्याच्या इच्छेप्रमाणे सेंट ऑल्बन्स येथील सेंट मायकल मंदिरात, जेथे त्याच्या आईला पुरले होते तेथेच, त्याला पुरण्यात आले. मागे मालमत्तेपेक्षा कर्ज अधिक होते.

दोन हिशेब

१६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी स्थापन झाली. तिचा इतिहास १६६७ मध्ये छापला गेला, तेव्हा चित्रात बेकनला मानाचे स्थान देण्यात आले. त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांत माणसाने सृष्टीतल्या किती गोष्टींना नावे दिली ते पाहा. रोगजंतू, अणूचे घटक, पेशीतली जनुके, दूरचे तारे. देवी हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. आदामाला दिलेल्या सत्तेचा पहिला हिशेब पुष्कळच भरून आला, असे म्हणता येईल. आदामाच्या बुद्धीविषयी कोणी ऑगस्टीनचे मत मानो वा कोणी इरेनियसचे. नावे देण्याचे काम देवाने माणसावर सोपवले आणि माणूस ते अजून करीत आहे, हे दोघांनाही मान्य व्हावे.

दुसरा हिशेब मात्र तसा नाही. अणूला नाव देणाऱ्या त्याच ज्ञानातून १९४५ मध्ये हिरोशिमा जळाले. प्रयोगशाळेत माणसाला सत्ता मिळते, निष्पापता मिळत नाही. हे बेकनला ठाऊक होते, म्हणून त्याने दोन हानींसाठी दोन वेगळी औषधे सांगितली आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होईल असे कधी म्हटले नाही. त्याचे ग्रंथ पहिल्या औषधाची साक्ष देतात. दुसऱ्या औषधाची गरज त्याच्या आयुष्याइतकी स्पष्ट क्वचितच कोणी दाखवली असेल.

आपल्या मंडळ्यांतील मुले आज कॉलेजांत, प्रयोगशाळांत, इस्पितळांत जातात. त्यांनी खूप शिकावे आणि भिऊ नये. ते आदामाचेच काम करीत आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करताना मात्र बुद्धीबरोबर आणखी एक मागणे मागावे. पहिल्या आदामाची बुद्धी कितीही थोर असली तरी ती त्याला सावरू शकली नाही. आपल्याला सावरतो तो दुसरा आदाम, प्रभू येशू ख्रिस्त. सर्व नावांहून श्रेष्ठ असे नाव त्यालाच देण्यात आले आहे.